साडेबावीस

ईरीच्या वाचनालयात, तळघरात,
मायक्रोफिल्मचं यंत्र माझ्या ताब्यात आहे.
जुने भाव शोधायला लोक माझ्याकडे येतात.
वॉल्टर शिमिग दर मंगळवारी येतो, फूटपट्टी घेऊन,
चाळीस वर्षांचे ठिपके जोडतो
आणि रेघ कागदाची कड ओलांडून
सरळ टेबलावर नेतो.
संध्याकाळी मी ती ओल्या फडक्याने पुसते.

डार्लीन ह्राबोव्स्की आली तेव्हा
तिच्या बुटांचा बर्फ फरशीवर वितळत होता,
हातात बापाची बोलिंगची वही.
डाव्या पानावर स्ट्राइक, स्पेअर, एकूण गुण;
उजव्या पानावर, त्याच बोथट पेन्सिलीने,
लेकशोअर व्हॉल्व्हचे शेअर,
ज्यांच्या ओतशाळेत तो एकतीस वर्षं उभा होता.
१४ मार्च १९७५. दहा. साडेबावीस.

"संगणक म्हणतो, दोन डॉलर एक्क्याऐंशी सेंट.
म्हणजे दहांचे अठ्ठावीस.
आई सांगायची, त्या शेअरांपायी
तिचा नवा कोट राहिला.
अठ्ठावीस डॉलरांत कुणाचा कोट अडतो?"

मी समजावलं, सगळ्यांना समजावते तसंच.
शेअर तीनदा फुटला.
एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ.
दर फुटीनंतर कुणीतरी मागे जातं
आणि सगळ्या जुन्या दिवसांना दोनाने भागून येतं,
आलेखात कडा दिसू नये म्हणून.
दहाचे ऐंशी झाले, साडेबावीसचे
पावणेतीनच्या जरासे वर.
गुणून बघ, दोन्हीकडे सव्वादोनशेच.
शेजारच्या रकान्यात तर लाभांशही वजा होतात,
तिथे तुझ्या बापाने पुरता डॉलरसुद्धा दिलेला नाही.
खोटं कुणीच बोलत नाहीय.
तक्त्याला कोट माहीत नाही, एवढंच.

मग फिल्म चढवली.
शनिवारचं पान. टायरांची जाहिरात,
आणि मुंगीएवढ्या आकड्यांत आदला दिवस:
वर बावीस आणि पाच आठवे,
खाली बावीस आणि एक आठवा,
बंद साडेबावीस.
तेव्हा भाव आठव्यांत सांगत, सेंट फार नंतर आले.
"आठवे," ती पुटपुटली,
"पिझ्झाही तसाच कापायचे ते."

तिने दांडी स्वतःच्या हातात घेतली.
वर्षं सरसरत गेली, काळी, करडी,
आणि नोव्हेंबर ब्याऐंशीला थांबली.
पहिल्या पानावर: दुसरी ओतशाळा बंद,
तीनशे चाळीस जण घरी.
भावांच्या पानावर, त्याच दिवशी:
लेकशोअर व्हॉल्व्ह, वर, एक आणि एक आठवा.
वहीत त्या आठवड्याचं उजवं पान कोरं.
डावीकडे गुण एकशे एकतीस.
"एकशे ऐंशीच्या खाली," ती म्हणाली,
"ते कधी येत नसत."

मी विचारलं, हे सगळं करासाठी का?
तर नाही.
करसल्लागाराने आधीच सांगितलं होतं,
वारसाला खरेदीचा भाव लागत नाही,
मृत्यूच्या दिवसाचा लागतो.
बाप गेला शनिवारी. शनिवारी बाजार नसतो.
मग शुक्रवारचा वरचा आणि खालचा,
सोमवारचा वरचा आणि खालचा,
चौघांची बेरीज, भागिले चार.
निघाला तो आकडा,
ज्याला कुणी काही घेतलं नाही, विकलं नाही,
तिने फॉर्मवर लिहून टाकला होता
गेल्या आठवड्यातच.

वाचनालय बंद व्हायला पंधरा मिनिटं होती.
वर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.
मी यंत्राचा दिवा मालवला.

"अकरा एप्रिल पंच्याहत्तर," ती वहीतून म्हणाली.
"पाच शेअर. लिहिलंय, तेवीस आणि एक आठवा.
बघा ना, बरोबर लिहिलंय का त्यांनी."

मी दिवा पुन्हा लावला.